शेवटची पंगत

महाराष्ट्रातील गृहिणीला विश्रांती मिळत आली ती बहुतेक वेळा देवाच्या नावावर. श्रावणातल्या मंगळवारी रात्र जागवून खेळायला, आश्विनात भोंडल्याच्या फेरात उतरायला, सणावाराला माहेरी जायला किंवा आषाढात पंढरीच्या वाटेला लागायला घराने तिला जी मुभा दिली, तिच्यामागचे कारण प्रत्येक वेळी धार्मिक होते. नुसता थकवा आला आहे म्हणून दोन दिवस बसून राहायचे आहे, असे सांगून ती मुभा मागण्याची सोय या कुटुंबरचनेत फारशी कधी नव्हती आणि आजही सरसकट झालेली नाही. श्रद्धा, इतरांविषयीची कणव आणि स्वतःची निगा या तीन गोष्टी आरोग्यविषयक लेखनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या जातात, परंतु घरी राहून मुले वाढवणाऱ्या आईच्या दिनक्रमात त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एकीला हात लावला की बाकीच्या दोघी हलतात. व्रताने तिला वेळ दिला आणि त्याच व्रताने त्या वेळेची किंमत तिच्या शरीराकडून वसूल केली, असा हा जुना सौदा आहे.

या सौद्यातील वेळेची बाजू मोजण्याचा प्रयत्न भारतात तसा उशिरा झाला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली पहिले देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण केले. वेळ-वापर सर्वेक्षण म्हणजे घरातील सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत काय काय केले, याची अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी केलेली नोंद. घरातल्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवताना आढळल्या, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. मुले, वृद्ध आणि आजारी यांच्या देखभालीसाठी स्त्रियांची 134 मिनिटे जात होती आणि पुरुषांची 76. मात्र त्याच अहवालात ‘स्वतःची निगा’ या सदराखाली पुरुषांसमोर 726 आणि स्त्रियांसमोर 724 असे आकडे आहेत. केवळ दोन मिनिटांचा हा फरक पाहून समाधान मानणाऱ्याने या सदराची व्याख्या वाचायला हवी, कारण त्यात झोप, जेवण, आंघोळ अशी देहधारणेला लागणारी सगळी कामे येतात. बाई जेवली की नाही एवढे या नोंदीतून कळते. ती कोणाच्या नंतर जेवली, ताटात काय उरले होते, जेवताना किती वेळा उठली, झोप सलग लागली की तान्ह्या मुलाने तिचे चार तुकडे केले, हे त्या मिनिटांतून कळण्याचा मार्ग नाही.

पंगतीचा क्रम हा मराठी घरातील बहुधा सर्वांत जुना अलिखित नियम असावा. आधी देवाचा नैवेद्य, मग पाहुणे आणि पुरुष, मग मुले, आणि वाढणाऱ्या बायकांची पंगत शेवटची. त्या पंगतीला भात पुरेसा असतो, पण भाजी तळाला गेलेली असते, आणि सकाळचे शिळे टाकवत नाही म्हणून ते आधी संपवण्याचे कामही तिच्याकडेच येते. टेबल-खुर्च्या आल्यावर आणि कुटुंबे लहान झाल्यावर हा क्रम पुष्कळ घरांतून उठला असला, तरी गरम पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे या हट्टाने तो मागल्या दाराने परत आला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. 2015-16 च्या चौथ्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. रक्तक्षय म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन, अर्थात प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त द्रव्य, ठरावीक पातळीखाली जाणे. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी ही पातळी एका डेसीलिटर रक्तात 12 ग्रॅम आणि गरोदर स्त्रीसाठी 11 ग्रॅम धरतात. मासिक पाळी, लागोपाठची बाळंतपणे, लोह कमी असलेला आहार आणि जेवणाला लागून घेतलेला चहा अशी त्याची अनेक कारणे आहेत, आणि सगळा दोष शेवटच्या पंगतीवर टाकणे योग्य होणार नाही. तरीही, ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त असे फिके आहे, तेथे घरातील सर्वांत पौष्टिक घास कोणाच्या वाट्याला जातो हा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा राहत नाही.

या पार्श्वभूमीवर उपवासांकडे पाहिले पाहिजे. व्रत म्हणजे ठरावीक तिथीला किंवा वारी संकल्प सोडून पाळलेला नेम; पूजा, आहाराचे बंधन, कहाणीचे श्रवण आणि दान ही त्याची नेहमीची अंगे. गृहिणीच्या पंचांगात महिन्याची संकष्टी, दोन एकादश्या, श्रावणी सोमवार, ज्येष्ठातील वटपौर्णिमा, भाद्रपदातील हरतालिका, आश्विनातील नवरात्र आणि मार्गशीर्षातील गुरुवार एवढे तरी सहज असते, आणि यांतील बहुतेक नेम नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या भरभराटीसाठी धरलेले असतात. स्वतःच्या गुडघेदुखीसाठी व्रत धरणारी बाई क्वचित आढळते, आणि आढळली तरी गुडघे बरे झाल्यावर घरचे काम नीट उरकता येईल असे कारण ती पुढे जोडते.

शास्त्राने या बाबतीत कुटुंबापेक्षा अधिक समंजसपणा दाखवला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा सविस्तर विचार केला आहे, आणि त्या परंपरेत पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे वचन प्रसिद्ध आहे. गर्भवतीने आणि बाळंतिणीने कडक उपवासाऐवजी ‘नक्त’ करावे, म्हणजे रात्री एकदा जेवावे, अशी सवलत पुराणवचनांत आहे. स्वतःला शक्य नसेल तर पतीने, मुलाने किंवा अन्य जवळच्या माणसाने प्रतिनिधी म्हणून व्रत चालवावे, अशीही तरतूद आहे. रमजानच्या रोज्यांतही गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सूट असून राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात, हे कोकणातल्या मुस्लिम घरांत सर्वांना ठाऊक असते. म्हणजे धर्माने दारे ठेवली होती; ती बंद केली लोकलाजेने, आणि काही वेळा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी, ज्यांनी स्वतः तापात हरतालिका केलेली असते आणि त्या आठवणीचा त्यांना अभिमानही असतो. पत्नीचा उपवास प्रतिनिधी म्हणून पतीने केल्याची उदाहरणे शोधायला निघालेल्याला बरेच हिंडावे लागेल.

उपवासाचे पदार्थ ही याच्याही पुढची गंमत आहे. साबुदाणा ज्यापासून काढतात तो टॅपिओकाचा कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही सगळी पिके मूळची अमेरिका खंडातील असून युरोपीय दर्यावर्दींच्या व्यापारातून ती भारतात आली. तेव्हा तूप, जिरे आणि मीठ वगळले तर साबुदाण्याच्या खिचडीची जवळजवळ सगळी सामग्री आल्या-गेल्या पाहुण्यांचीच आहे. ज्या परंपरेला परदेशी कंद सोवळ्यात घेता आला, तिला एखाद्या आजारी बाईची लोहाची गोळी सोवळ्यात घेता येऊ नये, हे चमत्कारिक आहे. आहाराच्या दृष्टीने साबुदाणा म्हणजे बहुतांशी नुसता स्टार्च, पोट भरणारा आणि प्रथिने किंवा लोह फारसे न देणारा. त्या मानाने राजगिरा, शेंगदाणे आणि दूध कितीतरी बरे. महिन्यातून पाच-सहा दिवस खिचडी आणि चहा यांवर काढून त्याच दिवशी घरच्या उपवास नसलेल्या माणसांसाठी वेगळा स्वयंपाक करणारी बाई उपवासाच्या दिवशी दुप्पट स्वयंपाक करते, हे हिशेबात धरले तर व्रताने दिलेला वेळ नेमका किती उरला असा प्रश्न पडतो.

तरीही व्रताला केवळ देहदंड म्हणून निकालात काढणे चुकीचे ठरेल, कारण ज्या कहाण्या या बायका पिढ्यान्‌पिढ्या वाचत आल्या त्यांत घरकामाला पूजेहून खालचे मानलेले नाही. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी याचे उत्तम उदाहरण आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा दवंडी पिटवतो, धाकाने सारे गाव मुलावासरांच्या तोंडचे दूध देवळात ओतते, तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरातले सगळे आवरून, मुलाबाळांना आणि लेकीसुनांना खाऊ घालून, गाईवासरांची तहानभूक भागवून, मग उरलेले खुलभर दूध घेऊन येते आणि तेवढ्याने गाभारा भरून जातो. भुकेल्याला आधी, देवाला नंतर, हा क्रम या कहाणीने देवाकडूनच मान्य करून घेतला आहे, आणि राजाज्ञेने घडवलेल्या सामुदायिक पुण्यापेक्षा एका बाईच्या आवरासावरीला अधिक वजन दिले आहे. ती म्हातारी स्वतः जेवून निघाली होती का, हे मात्र कहाणी ऐकणारा सहसा विचारत नाही.

व्रतांच्या भोवती उभ्या राहिलेल्या बायकांच्या मेळाव्यांनी खरी विश्रांती पुरवली. नव्या नवरीची लग्नानंतरची पहिली काही वर्षे चालणारी मंगळागौर ही सकाळी पूजा असली तरी रात्री ती झिम्मा, फुगडी, पिंगा आणि उखाणे यांची जागरणाची रात्र असते, आणि एरवी जिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर जात नाही अशी चाळिशीची आईसुद्धा त्या रात्री घामाघूम होईपर्यंत नाचते. ज्येष्ठा गौरी भाद्रपदात तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात. त्यांना माहेरवाशीण म्हणून बसवायचे, सजवायचे, खाऊपिऊ घालायचे आणि तिसऱ्या दिवशी पाठवणी करायची, ही कल्पना विलक्षण हळवी आहे. देवीच्या विसाव्यासाठी पुरणावरणाचा आणि काही घरांत सोळा भाज्यांचा स्वयंपाक करणारी सून मात्र त्या तीन दिवसांत पाठ टेकत नाही. माहेरपणाचा सर्वांत पूर्ण आविष्कार पहिल्या बाळंतपणात दिसतो: सव्वा महिन्याची विश्रांती, तेलाचे मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, आणि बाळाचे भाग्य लिहायला येणाऱ्या सटवाईचे पूजन. अळिवात लोहाचे प्रमाण चांगले असते हे आहारशास्त्राने नंतर सांगितले. या व्यवस्थेचे मर्म असे की आईची निगा राखण्याची जबाबदारी आईवर नव्हती. तिची आई, मावशी, सुईण, शेजारीण यांनी ती वाटून घेतलेली होती.

स्वतःची काळजी स्वतः घ्या, असा सल्ला आजच्या आईला मिळतो तेव्हा ती वाटणी नाहीशी झालेली असते. पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या सदनिकेत, सातासमुद्रापलीकडच्या उपनगरात, नवरा कामावर गेल्यानंतर तान्ह्या मुलाबरोबर दहा तास एकटी असणाऱ्या आईला विश्रांती घे म्हणून सांगणे म्हणजे तिच्या कामाच्या यादीत आणखी एक काम टाकणे होय. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत येणारे आणि टिकून राहणारे नैराश्य, ज्याला वैद्यकात प्रसूतीपश्चात नैराश्य म्हणतात, हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. परंतु घरात त्याला कामचुकारपणा, नजर लागणे किंवा देवाचे काही राहून जाणे अशी कारणे चिकटवली जातात, आणि शेवटच्या कारणावर आणखी एक उपवास सुचवला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2021 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात आत्महत्या केलेल्या 45,026 स्त्रियांपैकी 23,178 गृहिणी होत्या. प्रत्येक मृत्यूमागची कारणे निराळी असणार. तथापि घरात असणे म्हणजे सुरक्षित आणि निवांत असणे, या समजुतीला या आकड्यापुढे टिकाव धरता येत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनाशुल्क बोलता येते, आणि हा क्रमांक चातुर्मासाच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापला गेला तर तो योग्य हातांत पडेल.

बोलण्याची गरज जुन्या बाईला नव्हती असे नाही. तिची जागा पहाटेच्या जात्यापाशी होती. घर उठण्याआधीचे दोन तास, दळणाची लय, समोर बसली तर जाऊ किंवा नणंद, नाहीतर कोणीच नाही, आणि ज्याच्याशी बोलायचे ते दगडी जाते, ज्याला ईश्वर म्हणून हाक घालणाऱ्या ओव्या सर्वदूर आढळतात. ओवी म्हणजे दळता-कांडताना बायकांनी रचलेले, मुखपरंपरेने टिकलेले लहान पद्य. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच, पुढे भारतीय नागरिक झालेले गी प्वातवें यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या पाहता या पद्यांत विठ्ठल, सीता, भाऊ, लेक, सासू, सवत आणि दमलेले हातपाय एकाच श्वासात येतात. ज्या श्रद्धेत देवापुढे तक्रार करता येते ती श्रद्धा बाईच्या मनाला आधार देते, आणि ओवीतील विठ्ठल हा प्रामुख्याने ऐकून घेणारा देव आहे. जनाबाईच्या परंपरेत तर तो दळू लागतो. गावोगावी पिठाची गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले, आणि ते वाचणे सर्वथा इष्टच होते. पण एकटीने गाण्याचे ते दोन तासही त्याबरोबर गेले, आणि त्यांची जागा काही अंशी दुपारच्या भजनी मंडळाने, काही अंशी ‘स्त्री’सारख्या 1930 साली सुरू झालेल्या मासिकाने, आणि पुढे दूरचित्रवाणीच्या मालिकांनी घेतली. भजनी मंडळाला हसणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की आठवड्यातून एकदा दोन तास, कोणासाठीही काही न करता, मोकळ्या आवाजात गाण्याची ती बायकांची एकमेव सर्वमान्य जागा आहे.

श्रद्धेने घराशी झगडून स्वतःसाठी जागा मिळवल्याची उदाहरणे संतपरंपरेत आहेत, आणि त्यांत संत बहिणाबाईंचे (1628-1700) चरित्र गृहिणीच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. मुक्ताबाई किंवा जनाबाई संसारात नव्हत्या. बहिणाबाईंना नवरा होता, मुले होती. तुकोबांना ब्राह्मण घरातील बाईने गुरू मानावे हे तिच्या वेदपाठी पतीला असह्य झाले, त्याने मारहाण केली, घर सोडण्याची भाषा केली, आणि त्या वेळी ती गरोदर होती. तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत हे सारे नोंदवले आहे, आणि तिने काढलेला मार्ग आजच्या वाचकाला अवघडवणारा आहे: तिने पतिसेवेलाच धर्म मानले, आजारी पतीची शुश्रूषा केली आणि त्याच घरात राहून तुकोबांची भक्तीही सोडली नाही. याला शरणागती म्हणावे की चिवटपणा, यावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात. पण लिहून ठेवलेल्या अभंगांमुळे तो निर्णय कोणी तिच्यावतीने सांगितलेला नाही, तिने स्वतः सांगितलेला आहे, आणि हा फरक लहान नाही.

मराठी मनातील आदर्श आई मात्र मुलाने सांगितलेली आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेली आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’, तसेच आचार्य अत्रे यांचा 1953 चा चित्रपट, ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, यांनी घडवलेल्या या आईत देवभोळेपणा नसून कणव आहे. मोळी पडलेल्या दलित म्हातारीला मदत करायला ती गावाच्या रोषाची पर्वा न करता मुलाला धाडते, आणि तिच्या धर्माचा कस तेथे लागतो. परंतु त्या पुस्तकात ती स्वतःसाठी काही मागत नाही, दारिद्र्यात आणि आजारात झिजून जाते, आणि तिच्या झिजण्यालाच वाचकाचे अश्रू अर्घ्य देतात. दोष गुरुजींचा नव्हे. मुलाच्या आठवणीला आई दिसते ती तिने जे दिले त्यातून. पुस्तकाच्याच दशकात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली, आणि तेथे संसार, धर्मांतर केलेल्या पतीपासूनचा वियोग, स्वतःचा पुढील धर्मप्रवेश, पोटची आणि पोटाशी धरलेली मुले हे सर्व एका आईने स्वतः, अनेकदा स्वतःलाच हसत सांगितले आहे. तिला भूक लागते, राग येतो, ती रुसते, चुकते, आणि यांतल्या कशानेही तिची श्रद्धा वा माया उणी होत नाही. शाळाशाळांतून श्यामच्या आईइतकी लक्ष्मीबाई वाचली गेली असती, तर मराठी मुलींच्या मनात आई होण्याचा एक वेगळा नमुना तयार झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

स्वतःविषयीची माया ही आयात केलेली कल्पना आहे, असा आक्षेप या विषयावर हटकून घेतला जातो. परंतु पाचव्या शतकातच आचार्य बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम दिला आहे. मैत्रीभावना म्हणजे सर्व प्राण्यांचे भले व्हावे अशी इच्छा पायरीपायरीने वाढवण्याचा अभ्यास, आणि त्याची सुरुवात साधकाने स्वतःपासून करायची असते, मग प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, आणि शेवटी वैरी. या ग्रंथाचे संपादन करणारे धर्मानंद कोसंबी गोव्याचे. बौद्ध धर्माच्या ओढीने 1899 साली त्यांनी घर सोडले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या होत्या, आणि मैत्रीच्या शास्त्राचा हा मोठा अभ्यास ज्या काळात सुरू झाला त्या काळात ते मूल कोणी वाढवले हे सांगायला नको. पुरुषाला श्रद्धेसाठी घर सोडता येते, बाईला ती घरातच बसवावी लागते. डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेनंतर व्रतवैकल्ये सोडलेल्या बौद्ध गृहिणींनी वर्षावासात, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेच्या तीन महिन्यांत, विहारात एकत्र बसून ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन करण्याचा जो प्रघात पाडला, त्यात ही मैत्री त्यांच्या दारापर्यंत पोचली, आणि उपवासाचे ओझे न वाहता बायकांच्या सामुदायिक वेळेची सोय झाली.

गृहिणीच्या कणवेचा परीघ मात्र नेहमीच स्वच्छ नव्हता. शेजारणीची वाटी रिकामी परत न करणारी, दारच्या कुत्र्या-कावळ्याला घास ठेवणारी बाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या विधवेला बोलवत नव्हती. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे यांसारख्या प्रथांवर बंदीचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठरावाने चाल मोडत नाही हे खरे, पण बोलावणे करणाऱ्या बाईला त्याचा आधार मिळतो.

न्यायालयांनी गृहिणीच्या कामाला रुपयांत आणले ते मुख्यतः तिच्या मृत्यूनंतर, अपघाताची भरपाई ठरवताना. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणकुमार अगरवाल खटल्यात, जनगणनेच्या वर्गवारीत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत बसवल्याबद्दल नापसंती नोंदवली. जानेवारी 2021 मधील कीर्ती खटल्याच्या निकालात वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे उद्धृत करून, 2011 च्या जनगणनेत सुमारे 16 कोटी स्त्रियांनी घरकाम हेच मुख्य काम सांगितल्याची दखल घेण्यात आली. सर्वेक्षणाच्या 2024 च्या फेरीत घरकामाचा आकडा स्त्रियांसाठी 289 मिनिटांवर आला, पुरुषांसाठी 88 वर. स्त्रियांचे देखभालीचे काम 137 मिनिटांवर गेले. बायकांची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषांच्या खात्यात जमा झालेली दिसत नाहीत.

मध्यमवर्गीय घरात बाईची मिनिटे वाचतात ती पुष्कळदा दुसऱ्या बाईच्या हातांनी, आणि येथे कणव व स्वतःची निगा यांची गाठ सर्वांत अवघड बसते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मालकीण पोथी वाचत असताना मोरीत भांडी घासणारी बाईही बहुधा उपाशी असते, कारण तिचाही गुरुवार असतो. पुण्यात 1980 साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला तेव्हा पगाराइतकाच रजेचा, विशेषतः आजारपणातल्या रजेचा प्रश्न पुढे आला होता. त्यानंतर संघटना झाल्या, महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला, आणि महिन्यातून ठरावीक सुट्ट्या हा शब्दप्रयोग हळूहळू सोसायट्यांच्या बोलण्यात आला. ज्यांच्यापुढे ही मागणी ठेवली गेली त्या गृहिणींपैकी बहुतेकींना स्वतःला तापात अंथरुणावर पडून राहण्याची मुभा नव्हती. मोलकरीण आली नाही तर ते काम कोणाच्या अंगावर पडणार हे घरात ठरलेलेच असल्याने त्या मागणीची झळ पुरुषाला लागली नाही, आणि रजेचा प्रश्न पुढेही बरीच वर्षे दोन बायकांमधली कुरबूर म्हणूनच स्वयंपाकघराच्या दारात मिटवला जात राहिला.